ध्यानात बसवलेला माणूस

"यांना म्यूट करता येत नाही का गं?"

मॅडमनी मला विचारलं. बोट माझ्या वडिलांकडं होतं.

शोरूममध्ये पुण्याचे पाहुणे होते. कॉफी फिरवणारी पोरं होती. काउंटरवर मी होते. सगळे हसले. पाहुण्यांना विनोद आवडला म्हणून ते हसले. पोरं हसली, कारण मॅडम हसल्या होत्या. आणि आप्पाही हसले. त्यांना काहीच ऐकू आलेलं नव्हतं. समोरची माणसं हसताना दिसली की ते हसतात. बहिऱ्या माणसाला एवढी रीत पाळावी लागते, नाहीतर लोक त्याला तऱ्हेवाईक म्हणतात.

मी हसले नाही. टॉवेलच्या घड्या घालत राहिले.

झालं होतं एवढंच. आप्पा शोरूमच्या मधोमध हातमागावर बसले होते. फोटो काढणाऱ्या मुलाला उजेड हवा तसा पडेना. त्यानं वरचा दिवा बंद केला, परत लावला. आप्पा ताडकन उठले आणि ओरडले, "काय गं? आलो की!" आवाज असा की छतापर्यंत गेला. एका बाईंच्या हातातली कॉफी त्यांच्याच अंगावर सांडली.

यात आप्पांची गफलत कशी झाली ते तिथल्या कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं. आमच्या घरी आप्पांना कुणी हाक मारत नाही. बटण मारतात. जेवायला बोलवायचं असलं की आई स्वयंपाकघरातून त्यांच्या खोलीतला दिवा बंद-चालू करते. आप्पा ओरडतात, "आलो की!" गल्लीत बहुतेक घरी हीच रीत. दाराला बेल कुणी बसवत नाही, उपयोग काय? दाराबाहेर आतल्या दिव्याचं बटण असतं. आलेला माणूस ते दोनदा दाबतो आणि आतून म्हातारा ओरडत येतो. नवीन आलेला भाडेकरू पहिल्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावतो, मग त्याला कुणीतरी समजावून सांगतं. लूमवर आयुष्य काढलेल्या माणसांची गल्ली आहे ही.

दिवा लुकलुकला. आप्पांना वाटलं, लेकीनं बोलावलं. एवढंच झालं होतं.

आमचा आजा मोहोळकडचा. शेती भावकीत वाटून संपली, म्हणून तो सोलापूरला गिरणीत आला. तेव्हा हे शहर भोंग्यावर चालायचं म्हणे. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर पोरं शाळेला निघायची. आजानं घड्याळ कधी घेतलं नाही. गिरणीनं त्याला वेळ शिकवली, पगार शिकवला आणि मोर्चाही शिकवला. लाल बावटा घेऊन तो रस्त्यात बसला की शेटजींची मोटार थांबायची. ही गोष्ट आजा मरेपर्यंत सांगत होता. मोटार थांबली होती, एवढंच. पण त्याच्या आधी त्याच्या घराण्यात कुणासाठी बैलगाडीसुद्धा थांबली नव्हती.

मग गिरणी बंद पडली. का पडली याची हजार कारणं सांगतात, प्रत्येकाचं वेगळं. आम्हाला एवढंच माहीत की कामगार रस्त्यावर आले आणि गिरणीच्या जागेचे पुढं प्लॉट पडले. ज्या फाटकावर आजानं घोषणा दिल्या तिथं आता पार्किंग आहे.

काम मात्र संपलं नाही. काम पूर्व भागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलं. आप्पा पोरसवदा असतानाच तिथं लागले. टॉवेल विणायच्या पावरलूमवर. या शहरानं देशाला अंग पुसायला टॉवेल दिले, अंथरायला चादरी दिल्या. देश पुढं गेला म्हणतात, गेला असेल. जाताना अंग कोरडं करून गेला.

मालकानं एका छताखाली चार कारखाने काढले होते. मधे भिंत नव्हती. नावं तेवढी वेगळी. एक मालकाच्या नावानं, एक बायकोच्या, एक भावाच्या, एक पुतण्याच्या. कारखाना लहान दिसला की मोठ्या कारखान्याचे कायदे लागू होत नाहीत. तपासायला साहेब आला की मुकादम आप्पांच्या कानात ओरडून सांगायचा, "आज तू वहिनीसाहेबांचा." साहेब जायचा. आप्पा पुन्हा कुणाचेच नसायचे. फंड नाही, रजा नाही, हजेरीला कार्ड नाही. मोर्चा काढायचा तर कुणाच्या दारात, हेही ठरेना. आजाला निदान शेटजीची मोटार माहीत होती.

आणि आवाज. त्या शेडमध्ये एकदा तरी उभं राहून बघा. सूत ओढणारा धोटा या टोकावरून त्या टोकाला आपटतो, असे सगळे लूम एकाच वेळी. पत्र्याखाली. आप्पा कापसाचे बोळे कानात घालायचे. कानाला काय ते गोंजारल्यासारखं. बोलणं हातानं व्हायचं. दोन बोटं जोडून झटकन अलग केली की तार तुटली. अंगठा ओठाला लावला की चहा. पोटावरून गोल हात फिरवला की मालक आला. तळहात आडवा करून खाली दाबला की बंद कर, थांबव. लहानपणी मी डबा घेऊन जायचे तेव्हा हीच भाषा बोलायचे. अक्षरं नंतर शिकले, ही आधी.

घरी आल्यावर आप्पा ओरडून बोलायचे. आई ओरडून उत्तर द्यायची. शेजारच्या तेलुगू अक्का त्यांच्या नवऱ्याशी तेलुगूत ओरडायच्या. गल्लीतली आम्ही पोरंही तसलीच. भांडण आणि लाड, दोन्हीचा आवाज सारखा. मी शाळेत गेले आणि पहिल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, "इथं लूम चालू आहेत का?" सगळा वर्ग हसला. पूर्व भागातली आम्ही पोरं शेवटच्या बाकांवर गेलो आणि दहावीपर्यंत तिथंच राहिलो. मागं बसलेल्याला ऐकू येण्यासाठी ओरडावं लागतं, हे कुणी बाईंना सांगितलं नाही.

आप्पांचे कान हळूहळू गेले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग पाखरं, मग आईचा आवाज. माझ्या लग्नाच्या बोलणीत पाहुणे काय म्हणाले ते त्यांना कळलं नाही, ते सगळ्याला मान हलवत राहिले. ते लग्न मोडलं, पुढं झालंही नाही. त्याचं मला दुःख नाही. पण आप्पांना आहे. ते अजून म्हणतात, "मला ऐकू आलं असतं तर मी बोललो असतो की."

मी बी.कॉम. झाले आणि त्याच मालकाच्या ऑफिसात लागले. एकदा मालक एकटे बसलेले बघून मी म्हणाले, "मालक, आप्पांचे कान पार गेलेत. लूममुळं गेले. काहीतरी करायला पाहिजे."

मालक म्हणाले, "वय झालं की कान जातातच. माझ्या वडिलांचेही गेले होते."

मालकाचे वडील आयुष्यभर गादीवर बसले. शेडमध्ये लक्ष्मीपूजनाला तेवढे यायचे, तेही लूम बंद करून. हे मी बोलले नाही, मनात बोलले. मनातल्या मनात मी कधीच हळू बोललेले नाही.

मग नवीन मशिनी आल्या. त्यांना धोटाच नाही. त्या अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत बसल्या. त्यांच्याबरोबर परमुलखातली पोरं आली. मशिनीच्या शेजारीच झोपतात, सुट्टी मागत नाहीत, कारण गावच लांब आहे. आप्पांना मुकादमानं हातानं सांगितलं, बंद. तळहात आडवा, खाली दाबून. आप्पांना वाटलं, लूम बंद कर म्हणतोय. त्यांनी लूम बंद केला आणि पुढच्या खुणेची वाट बघत उभे राहिले. पुढची खूण नव्हती.

जुन्या शेडचं मालकाच्या सुनेनं शोरूम केलं. याच त्या मॅडम. पुण्यात शिकलेल्या, राहायला जुळे सोलापुरात, नव्या बंगल्यांच्या भागात. पत्रा काढून कौलं घातली. भिंतीवरचा तेलाचा काळा डाग मुद्दाम ठेवला, त्याच्याभोवती चौकट केली. पिवळे दिवे लावले. आप्पांचा लूम जिथं होता तिथं कॉफीचं मशीन आलं. मला काउंटर दिला आणि पंधरवडाभर शिकवलं. "ओठातल्या ओठात बोलायचं. माल गल्लीतला आहे हे आवाजावरून कळता कामा नये." मी आरशासमोर सराव केला. घरी तसं बोलायला लागले तर आई म्हणाली, "घसा बसलाय का गं तुजा?"

मग मॅडमना हातमाग सुचला. कुठूनतरी जुना विकत आणला, पॉलिश केला, मधोमध मांडला. त्यावर बसायला माणूस हवा. त्या मला म्हणाल्या, "तुझे वडील विणकरच ना?"

मी म्हणाले, "ते पावरलूमवाले. हातमाग त्यांनी कधी चालवला नाही."

"गेस्टना काय कळतंय. नुसतं पुढंमागं करायचं."

मी आप्पांना सांगितलं. नको म्हणतील असं वाटलं होतं. आप्पांनी त्या दिवशी दाढी केली. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी आंघोळ करून दारात उभे. आईला म्हणाले, "शेडवर बोलवालेत मला." त्यांना शोरूम दिसतच नव्हतं. त्यांना त्यांची शेड दिसत होती. घरात बसून ते रोज थोडे थोडे बारीक होत होते आणि आता पुन्हा कुणीतरी त्यांची वाट बघत होतं. मी काय बोलणार?

मॅडमनी त्यांना धोतर नेसवलं. डोक्याला फेटा. आप्पांनी सगळं आयुष्य बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर काढलं. शेडच्या उकाड्यात दुसरं काय घालणार? धोतर त्यांना नेसता येईना, तेव्हा कॉफीवाल्या पोरानं मोबाइलवर बघून नेसवलं. आप्पा मागावर बसले आणि पहिल्यांदा काय केलं तर लाकडावर तळहात ठेवला. लूम नीट चालतोय का, हे ते तळहातानं ऐकतात. शेडमध्येही तसंच करायचे. हातमागाला कंप नसतो. ते बराच वेळ हात ठेवून बसले.

आणि आठवड्याभरात तो दिव्याचा प्रकार झाला. कॉफी सांडली. मॅडमनी म्यूटचा विनोद केला.

दोन दिवसांनी पाटी आली. चांगल्या लाकडाची, कोरीव अक्षरांची, इंग्रजीत. मॅडमनी ती मागाला टांगली आणि मला वाचून दाखवायला लावली. तिचा अर्थ असा: आमच्या शेडमध्ये ज्यांनी आयुष्यभर विणलं ते हे विणकर. विणताना ते ध्यानात असतात. कृपया शांतता राखा.

"आता ओरडायला नको त्यांनी," मॅडम म्हणाल्या. "त्यांना तेवढं समजाव. बोलायचंच नाही. कुणी विचारलं तर तू सांगायचं, मौन आहे त्यांचं. लोकांना आवडतं असलं."

बहिरं त्यांनी केलं होतं. आता मुकंही करत होते. वर त्याला साधना म्हणायचं.

त्या संध्याकाळी आप्पा माझ्या स्कूटीवर मागं बसले होते. चालत्या गाडीवर त्यांच्याशी बोलता येत नाही, माझे ओठ दिसत नाहीत. तेवढ्यात त्यांनी विचारलं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं, "पाटी लावलीया की! माजं नाव हाय का तिच्यावर?" मी गाडी चालवत राहिले. घरी पोचलो तर मी स्टँड लावेपर्यंत ते आत गेले होते आणि आईला सांगत होते, "माज्या नावाची पाटी लावलीया. लाकडाची हाय. इंग्लिशमदी." आईनं मिठाचा खडा घेऊन त्यांच्यावरून उतरवला. म्हणाली, "उशिरा का हुईना, नाव झालं."

मी उंबऱ्यावर उभी होते. मला आत जाता येईना. माणसाचा अपमान करायचा आणि तो त्याला आहेर वाटावा असा करायचा. यापुढं काही करायचं शिल्लक राहत नाही.

आईला मी त्या रात्री जेवताना सांगितलं. आप्पांकडं पाठ करून, ओठ दिसू नयेत म्हणून. मग ती म्हणाली, "त्यांना सांगू नगंस. जात्यात तर जाऊ देत. तितं तरी त्यांचा जीव रमतोय." ती चुकीचं बोलत नव्हती. माझी नोकरी, आप्पांचा जीव, दोन्ही त्या एका पाटीला टांगलेलं होतं. मी रात्रभर तेच उलटसुलट करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे होते. मुंबईच्या हॉटेलांना माल पुरवणाऱ्या बाई, मराठीच, बरोबर त्यांची माणसं. मालक स्वतः आले होते. मॅडम पाहुण्यांना मागापाशी घेऊन आल्या. पाटी वाचून त्या सगळ्यांनी आवाज खाली केला. चवड्यांवर चालायला लागले. एका बहिऱ्या माणसाभोवती चांगली शिकलेली माणसं कुजबुजत फिरत होती. ज्या जागेवर आवाजानं माणसाचे कान फाटले त्या जागेवर आता टाचणी पडली तर ऐकू आली असती.

मॅडम कुजबुजल्या, "विणणं हीच त्यांची साधना."

बाईंनी हात जोडले. खरंच जोडले, आप्पांच्या पाठीला. मग माझ्याकडं वळून कुजबुजल्या, "किती वर्षं मौनात आहेत?"

मॅडम म्हणाल्या, "ही त्यांचीच मुलगी. सांग गं."

मालक बघत होते. मॅडम हसत होत्या. मी तोंड उघडलं आणि आमच्या गल्लीतला आवाज बाहेर आला. मी तो काढला नाही. तो आतच होता, मीच त्याला इतके दिवस दाबून धरलं होतं.

"मौन नाही त्यांचं. बहिरे आहेत ते. ते कॉफीचं मशीन आहे ना, तिथं त्यांचा लूम होता. इथंच गेले त्यांचे कान. आणि हातमाग त्यांनी मागच्या आठवड्यापर्यंत बघितलासुद्धा नव्हता."

बाई दोन पावलं मागं सरकल्या. मालक म्हणाले, "आवाज खाली. आवाज खाली कर आधी."

मी भिंतीपाशी गेले. बटण दोनदा मारलं. बंद, चालू.

"आलो की!" आप्पा ओरडले आणि वळले. मी समोर होते.

मी हातानं बोलले. आमच्या भाषेत ध्यानाला खूण नाही, शेडमध्ये त्याची गरज कधी पडली नव्हती. मी पाटी दाखवली. त्यांना दाखवलं. मग डोळे मिटून मांडीवर हात ठेवले, देवळातल्या साधूसारखे. मग ओठांवर बोट. मग मॅडमकडं बोट. आणि शेवटी नकाराची मान हलवली. तुमचं नाव नाही तिच्यावर, आप्पा.

ते बघत राहिले. पाटीकडं बघितलं. फेट्याला हात लावून बघितला. त्या वेळी त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. तो माझ्यापाशी राहू दे.

मग मी तळहात आडवा केला. खाली दाबला. बंद.

मुकादमानं हीच खूण केली होती तेव्हा ते थांबून राहिले होते. आज थांबले नाहीत. फेटा काढला, घडी करून मागावर ठेवला. फेकला नाही, कापडाला त्यांनी कधी फेकलेलं नाही. मालकाच्या समोर जाऊन उभे राहिले. पूर्ण आवाजात, चालू लूमवरून पलीकडच्या माणसाशी बोलावं तसे बोलले.

"मुका न्हाय मी. भैरा हाय. तुमच्या हितंच झालो."

मालक काहीतरी म्हणाले. आप्पांनी ओठ वाचले नाहीत, त्यांच्याकडं बघितलंच नाही. पाटीची साखळी काढली, पाटी काखेत घेतली आणि धोतर सावरत दाराकडं निघाले. मॅडम मला म्हणाल्या, "ती पाटी आमची आहे." मी म्हणाले, "लिहिलंय त्यांच्याबद्दल." एवढंच बोलून मीही निघाले.

पाहुण्यांचं काय झालं म्हणाल तर काही झालं नाही. बाई "सो सॅड" म्हणाल्या, हे कॉफीवाल्या पोरानं नंतर सांगितलं. ऑर्डर तेवढीच गेली. टॉवेल मऊ आहेत, ते काही खोटं नाही. मोठ्या लोकांचं मन दुखतं, पण ते लगेच बरं होतं. मला त्याचा राग येत नाही आता. मी त्यांच्यासाठी बोललेच नव्हते.

आप्पा आजारी पडले. दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आई माझ्याशी बोलली नाही. "त्यांची शेड घालवलीस," एवढंच म्हणाली. मी ते ऐकून घेतलं. शेड आधीच गेलेली होती, पण हे आईला त्या दिवशी सांगून उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी नगरसेवक आले. यांचा आजा माझ्या आजाच्या शेजारी लाल बावटा धरून बसायचा. आता यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मालक लावतो, खाली आमच्याच गल्लीतल्या पोरांचे चेहरे नखाएवढे. मागच्या वाढदिवसाला डीजे असा लावला होता की आमच्या खिडक्यांची तावदानं वाजत होती. आप्पा छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "लूम चालू झाले काय?" ते नगरसेवक आमच्या ओट्यावर बसून मला म्हणाले, "कशाला आवाज करताय? शांततेत मिटवू की. आणि मालक म्हणत्यात, तुमचे वडील त्यांच्याकडं कामाला कधी नव्हतेच. कुटं नाव हाय का त्यांचं?"

खरं होतं. कुठंच नाव नव्हतं. चार नावांच्या कारखान्यात आप्पांचं नाव एकाही ठिकाणी नव्हतं. तीन पिढ्यांची मेहनत अशी सफाईनं पुसली होती, आमच्याच टॉवेलनं.

तेवढ्यात आप्पा उठून बाहेर आले. आईनं बटण मारलं नव्हतं, आपणहून आले. खिडकीतून त्यांनी नगरसेवकांचे ओठ वाचले होते. आत गेले, पाटी घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. मोठ्यानं म्हणाले, "वाच. त्याला वाचून दाव."

मी वाचली. आमच्या शेडमध्ये ज्यांनी आयुष्यभर विणलं ते हे विणकर. मालकाच्या सुनेनं, मालकाच्या खर्चानं, सागवानात कोरून लिहिलेलं. खाली त्यांच्या कंपनीचं चिन्ह. सरकारपासून जे लपवलं ते गिऱ्हाइकासाठी टांगलं होतं. नगरसेवकांनी पाणी न पिताच चपला घातल्या.

त्यानंतर मी आप्पांना सिव्हिलला नेलं. डॉक्टर तरुण होत्या. तपासून म्हणाल्या, "हा वयाचा बहिरेपणा नाही. हा आवाजाचा आहे." मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं, आप्पांकडं तोंड करून, सावकाश. आप्पांनी ओठ वाचले. मान हलवली नाही. मग मी एका वकीलबाईंकडं गेले. कामानं आलेलं बहिरेपण कायद्यात बसतं, पण लढायला वेळ लागेल, कदाचित आप्पा जाईपर्यंत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्पष्ट सांगितलं ते बरं केलं. खोट्या आशेवर आम्ही तीन पिढ्या काढल्यात.

परवा संध्याकाळी मी गल्लीतल्या देवळासमोर माणसं गोळा केली. हाका मारल्या नाहीत. एकेक दारापाशी गेले आणि बाहेरचं बटण दोनदा मारत गेले. घराघरातून "आलो की", "वस्तुन्ना", "आया आया" असे ओरडत म्हातारे बाहेर आले. लुंगीवर, बनियनवर. मी देवळाच्या पायरीवर उभी राहून आधी हातानं सांगितलं, मग तोंडानं, की गेलेल्या कानांसाठी कामगार ऑफिसात केस घालायची आहे. पलीकडच्या गल्लीतले चाचा हात वर करून म्हणाले, "मेरे बी कान गए. मैं बी आतूं." अक्कांनी नवऱ्याचा हात धरून वर केला. आई मागं उभी होती. ती पुढं आली नाही, पण घरीही गेली नाही.

सोमवारी आम्ही कामगार ऑफिसला जातोय. आप्पा पुढं असतील, पाटी त्यांच्या हातात. आत खुर्चीवर एक साहेब असेल. आम्ही बोलायला लागलो की तो कपाळाला आठ्या घालेल आणि म्हणेल, "बाई, हळू बोला. इथं सगळ्यांना ऐकू येतं."

नाही येत, साहेब. इथं बसलेल्यांना ऐकू येत नाही. मी मोठ्यानंच बोलणार आहे, आणि आमची केस घेईपर्यंत बोलत राहणार आहे.